घरचे जुने फोटो स्कॅन करतेय: थोडी मदत हवी आहे (आणि दारातला एक हात)

कृष्णाकाठ

गेल्या महिन्यात माळा आवरताना आजीची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत डांबराच्या गोळ्यांचा वास, दोन खण आणि काळ्या पुठ्ठ्याचे तीन अल्बम. पानापानांत तो कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद, फोटोंच्या टोकांना चिकटवलेले काळे कोपरे. निम्मे कोपरे सुटलेत, त्यामुळे अल्बम उघडला की फोटो मांडीवर सांडतात. सगळे मिळून साडेतीनशेच्या आसपास.

आजी (आईची आई) आता ९२ वर्षांची आहे. ऐकू कमी येतं, पण मोतीबिंदू काढल्यापासून नजर माझ्यापेक्षा बरी. मी एक फ्लॅटबेड स्कॅनर आणला आणि जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. रोज दुपारी तिची झोप झाली की तासभर.

माझा हिशोब साधा होता. साडेतीनशे फोटो, एकाला दोन मिनिटं, म्हणजे बारा तासांत काम फत्ते. पंधरा दिवसांत साठ झालेत. आजी फोटो हातात घेतला की सोडत नाही, आणि मी विचारलेलं सोडून बाकी सगळं सांगते. "ही कोण गं?" म्हटलं तर, "ही पाटली बघितलीस? आपली नव्हे ती. शेजारच्या काकूंची. फोटोपुरती मागून आणली, संध्याकाळी परत." बाई कोण ते पाऊण तासाने कळतं, मधेच, बशीत चहा ओतताना. म्हणून आता फोनवर रेकॉर्डिंग चालूच ठेवते.

साधे फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके), पासपोर्टच्या आकाराचे १२०० वर. कृष्णधवल असले तरी रंगीत म्हणूनच स्कॅन करते, कारण कागदाचा पिवळेपणा, शाईचे डाग हेही त्यातच येतात. मूळ प्रत टिफमध्ये, लोकांना पाठवायला जेपेग. पाठीवर काही लिहिलं असेल तर पाठही.

आता अडचणी. एक, १९७५ ते ८५ मधले रंगीत फोटो सगळे लालभडक झालेत. दोन, एक अल्बम चिकट पानांचा आहे, वर प्लास्टिक असलेला, त्यातले फोटो सुटत नाहीत. तिसरी अडचण एका फोटोची आहे आणि धागा खरं तर त्याचसाठी काढलाय.

मोठा फोटो आहे, साडेआठ बाय साडेसहा इंच, जाड पुठ्ठ्यावर. वाईचं माहेर, आजीच्या थोरल्या भावाची मुंज. वाड्याच्या ओसरीवर अकरा माणसं. आजी पुढे परकर-पोलक्यात, सहा वर्षांची, नेमकी हललेली. कडांना निळसर चंदेरी झाक आलीय. पाठीवर पेन्सिलीने मोडीत दोन-तीन ओळी आहेत. आजीच्या मते आशीर्वाद असणार.

हा १२०० वर स्कॅन केला (फाइल जवळजवळ २४० एमबी!) आणि मोठा करून बघताना मागच्या दाराच्या चौकटीवर एक हात दिसला. नुसती चार बोटं. आत मिट्ट काळोख. कागदावर बघितलं तर ती बोटं म्हणजे चौकटीवरचा ओरखडा वाटतो. ओसरीवरच्या अकराही जणांचे हात मी मोजले, सगळे जागच्या जागी आहेत.

आजीला विचारलं, तर म्हणाली, "असेल कोणी."

हायपो

माझा स्वतःचा स्टुडिओ होता, २००८ ला बंद केला. सांगतो.

निळसर चांदी दिसतेय ती खरोखर चांदीच आहे. कृष्णधवल फोटो चांदीच्या कणांचाच बनलेला असतो. दमट हवा, हलक्या पुठ्ठ्यातलं आम्ल, घराला नवा रंग दिल्यावरची वाफ, यांनी ती चांदी हळूहळू पृष्ठभागावर येते. पुसायला जाऊ नका. स्कॅनमध्ये तिथे चकाकी आली तर फोटो काचेवर काटकोनात फिरवून पुन्हा स्कॅन करा, उजेड दुसऱ्या बाजूने पडतो.

लाल फोटो. रंगीत कागदात तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्या काळच्या कागदांत निळसर, म्हणजे सायन, सगळ्यात आधी उडतं, अल्बम कपाटात बंद असला तरी. राहिलं काय, तर तांबूस. आहे तसा स्कॅन करून ठेवा, रंगांची दुरुस्ती प्रतीवर करा. आणि निगेटिव्ह शोधा हो! लोक फोटो जपतात आणि निगेटिव्हचं पाकीट रद्दीत घालतात. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती वेगळी काढून आधी स्कॅन करा. फिल्मचा पाया कुजायला लागलाय, आणि तो रोग शेजारच्यांना लागतो.

चिकट अल्बम: दात साफ करायचा बारीक दोरा मिळतो, तो फोटोच्या मागून करवतीसारखा हळू सरकवत न्या. हेअर ड्रायरने पान गरम करायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, ऐकू नका. नाहीच सुटला तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोचंही तेच, काचेसकट स्कॅन. ओढलात तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. गिऱ्हाइकाच्या आजोबांचा असा एक चेहरा माझ्या हातून गेलाय. ३५ वर्षं झाली, अजून आठवतं.

जाता जाता, अल्बममध्ये चौकोनी फोटो असतील तर ते बहुधा ॲग्फा क्लिक थ्रीचे. बडोद्याला बनायचा तो. १२० चा रोल, बारा फोटो. म्हणजे साठचं-सत्तरचं दशक धरून चाला. आजींना साल आठवत नसेल तर कागदाचा आकार सांगतो.

तिरकस

माफ करा, पण साडेतीनशे फोटो स्कॅन करून बघणार कोण? माझ्या फोनमध्ये अठरा हजार आहेत, बायकोसुद्धा बघत नाही. ट्रंकेत होते तेव्हा निदान साठ-सत्तर वर्षं टिकले. हार्ड डिस्क सात वर्षांत झोपते. २००४ साली हौसेने सगळं सीडीवर घातलं होतं, आज एकही सीडी उघडत नाही.

कृष्णाकाठ

हायपो, कुठे होतात इतके दिवस! दोऱ्याने काल आठ फोटो सुटले, एकही फाटला नाही.

तिरकस, बघणार कोण ते मलाही माहीत नाही. सध्या एक ९२ वर्षांची बाई बघतेय.

सांगलीकडचा

ट्रंकेत टिकतात म्हणणाऱ्याने २०१९ चा ऑगस्ट बघितलेला दिसत नाही. आमच्या घरात साडेसात फूट पाणी होतं, पाच दिवस. आधी मीटर, मग गाद्या, फोटो आठवले दहाव्या दिवशी. तोवर अल्बमची वीट झाली होती.

पाणी येणाऱ्या गावांत राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: भिजलेले फोटो एकमेकांवर वाळू द्यायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्यात ठेवून ओले असतानाच सोडवायचे, आणि तोंड वर करून जुन्या कापडावर सावलीत एकेक पसरायचे. दोन दिवसांत जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. गोठले की बुरशी थांबते, पुढे सवडीने सोडवता येतात. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर आईच्या लग्नातला एक तरी फोटो हाती लागला असता.

सीडीचं म्हणाल तर एका जागी ठेवलेलं काहीच टिकत नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने सांगितलेला ३-२-१ चा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. माझी एक हार्ड डिस्क बहिणीकडे सोलापुरात असते. तिची माझ्याकडे. दिवाळीला अदलाबदल.

पेठेतला

आमच्याकडे १२ जुलै १९६१ च्या आधीचा एकही फोटो नाही. पुणेकरांना वेगळं सांगायला नको. शनिवारातलं घर, पानशेत धरण फुटल्याचं पाणी. आजोबांचा जो एक फोटो भिंतीवर आहे तो नागपूरच्या आत्याच्या घरून आला. तिला लग्नात प्रत दिली होती म्हणून. "माझ्याकडेच राहू दे" म्हणणारी माणसं मला तेव्हापासून आवडत नाहीत.

न्यूजर्सीकर

माझी चूक सांगते. भारतातून येताना आईने दोनशे फोटो दिले होते. इथल्या एका सेवेकडे खोकं पाठवून दिलं. काम झटपट आणि स्वस्त. परत आलं तेव्हा २०० डीपीआय, कडा यंत्राने आपोआप कापलेल्या (माउंटवरचं स्टुडिओचं नाव गेलं), आणि पाठी कोणी बघितल्याच नव्हत्या. वर सगळ्या फायलींची तारीख २०१७. आमचे पणजोबा म्हणे २०१७ साली पगडी घालून बसलेत.

फोटो परत तरी आले, म्हणून दुसऱ्यांदा करतेय. या वेळी नाव, गाव, अंदाजे साल फाइलच्या आतच, कॅप्शनच्या रकान्यात लिहितेय. वेगळ्या वहीत लिहिलं तर वही एकीकडे, फोटो एकीकडे. आणि तेच फोटो व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखे पाठवू नका, लहान होतात आणि आत लिहिलेलंही पुसलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मोडीप्रेमी

पाठीचा स्कॅन टाकता का? पेन्सिल पुसट असेल तर कॉन्ट्रास्ट वाढवून टाका.

कृष्णाकाठ

टाकला आहे. फोटोची पुढची बाजू पूर्ण टाकत नाही, घरातल्या सगळ्यांना विचारलेलं नाही. फक्त दाराचा तुकडा सोबत जोडलाय.

पणजी_फेरी

आमच्या घरी पाठींवर पोर्तुगीज. आजोबांची पिढी पोर्तुगीज शाळेतली. 'लेम्ब्रान्सा' म्हणजे आठवण, एवढं एकच मला कळतं. बाकीचं वाचणारी शेवटची मावशी गेल्या वर्षी गेली. तुमची आजी आहे तोवर हात चालवा.

मोडीप्रेमी

वाचलं. बसून ऐका. आशीर्वाद वगैरे काही नाही.

"शके १८६१ वैशाख. प्रती ३. ठरले रु. ७. पावले रु. ४. येणे रु. ३."

खाली एक सही किंवा खूण आहे, ती लागत नाही. म्हणजे १९३९, एप्रिल-मे. फोटोग्राफरने उधारी टिपून ठेवलीय. तीन रुपये अजून येणे आहेत.

तिरकस

८५ वर्षांचं व्याज धरून तुम्हीच भरा आता.

कृष्णाकाठ

आजीला सांगितलं. पदर तोंडाला लावून हसली. "आमचे वडील असेच. पैसे द्यायचे, पण दोन फेऱ्या मारायला लावून."

पेठेतला

उधारी सोडा हो. प्रती ३! तुमच्याकडे एक. उरलेल्या दोन कुठे आहेत?

कृष्णाकाठ

हे डोक्यातच आलं नव्हतं.

आजीने लगेच सांगितलं. एक सांगलीला तिच्या मामांकडे. एक इंदूरला, तिचे थोरले काका होळकरांच्या नोकरीत होते त्यांना पाठवलेली. सांगलीला फोन केला. ते घर २०१९ मध्ये पाण्यात होतं, पुढचं विचारलं नाही. इंदूरच्या मामांना कळवलंय. ते म्हणाले, देवघराच्या मागे फ्रेम आहे, पण "उडालेला" आहे, काही उपयोग नाही.

हायपो

उडालेला म्हणजे पिवळा पडलेला की पहिल्यापासून फिका? नीट विचारा, फार फरक आहे. नीट न धुतलेल्या कागदात हायपो (फोटो पक्का करायचं रसायन, माझं इथलं नाव त्यावरूनच) राहतो आणि फोटो पुढे पिवळा-तपकिरी होत जातो. पण पहिल्यापासून फिका असेल तर सोनं आहे. त्या वेळी असे मोठे फोटो काचेच्या प्लेटवरून सरळ कागदावर छापत. प्रत्येक प्रतीला उजेड किती द्यायचा तो हाताचा अंदाज. तुमची प्रत जास्त उजेड खाल्लेली, म्हणून काळोख मिट्ट आहे. कमी उजेड दिलेल्या प्रतीत माणसांचे चेहरे पांढरेफटक दिसतील, पण दाराच्या आतलं दिसेल.

कृष्णाकाठ

मामांनी फोटो पाठवला. व्हॉट्सॲपवर, फ्रेमसकट, ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबासकट. पण फिकाच आहे, पिवळा नाही! मामेभावाला सांगून फ्रेममधून काढायला लावला (काचेला चिकटलेला नव्हता, देव पावला) आणि त्याच्या ऑफिसमधल्या स्कॅनरवर १२०० डीपीआयने. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला तीनदा सांगावं लागलं.

दारात एक बाई उभी आहे. अर्धी चौकटीआड. चेहरा दिसतो. तुकडा जोडलाय, फक्त उजळपणा वाढवलाय, बाकी काही केलेलं नाही. आजी झोपलीय, उठली की दाखवते.

तिरकस

मी उगाच चेष्टा करत होतो, पण हे भारी आहे. तुमचा तुकडा एका एआयमधून काढला, बघा किती स्वच्छ आलाय. तीस-पस्तीसची बाई, अंबाडा, कपाळावर ठसठशीत कुंकू. आजींना हा दाखवा.

हायपो

थांबा! दाखवू नका.

मूळ तुकडा पुन्हा बघा. केस कुठे आहेत? डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला आहे आणि तो पदर जवळजवळ काळा आहे. गावोगावचे स्टुडिओ तेव्हा ऑर्थो प्लेटा वापरत, लाल दिव्यात धुता येत म्हणून. त्या प्लेटेला लाल रंग दिसतच नाही, लाल ते काळं येतं. तुमच्याकडच्या पूर्ण फोटोत बाकीच्या बायकांची कुंकवं बघा, काळे ठिपके असतील. हिच्या कपाळावर एकही ठिपका नाही. आणि वस्त्र लाल.

१९३९, वाईतला वाडा, लाल वस्त्र, पदराखाली केस नाहीत, कुंकू नाही, आणि मुंजीच्या फोटोत न बसता दाराआड उभी. ते आलवण आहे हो. त्या यंत्राने विधवेला केस आणि कुंकू दिलंय.

तिरकस

काढून टाकला.

न्यूजर्सीकर

माझ्या मुलीने पणजोबांना असाच 'जिवंत' केला होता, मान हलवून हसतात. आई म्हणाली, "हे हसायचे नाहीत गं." मुलीला कळेना त्यात बिघडलं काय.

कृष्णाकाठ

काल लिहायचं होतं, जमलं नाही.

आजीला मूळ तुकडाच दाखवला, टॅबवर मोठा करून. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाली, "माईआत्या."

वडिलांची थोरली बहीण. नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, जन्मभर तिथेच. चार भावंडांची न्हाणीमाखणी तिने केली. मुंजीचे पाचशे लाडू तिने वळलेले, त्यातले दोन आजीच्या परकराच्या खिशात फोटो काढताना होते, म्हणून ती हलत होती. हे सगळं आजीने आजवर कधी सांगितलं नव्हतं. माझ्या आईलाही माईआत्या हे नाव माहीत नव्हतं. साडेतीनशे फोटोंत तिचा एकही नाही, मी पुन्हा सगळे चाळले.

मी म्हटलं, बोलावलं नसेल ना तिला फोटोला. आजी म्हणाली, "कोण बोलावणार? तीच आत गेली. कोणी सांगावं लागायचं नाही." मग बराच वेळ त्या बोटांकडे बघत बसली. "पण बघत होती म्हणजे. मला वाटायचं ती चुलीपाशी आहे."

रेकॉर्डिंगमध्ये यानंतर सहा मिनिटं नुसता पंख्याचा आवाज आहे.

पणजी_फेरी

कॅप्शनच्या रकान्यात तिचं नाव लिहिलंत का?

कृष्णाकाठ

लिहिलं. "मागे दारात उभी: माईआत्या." खरं नाव आजीलाही आठवत नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आजीच्या वडिलांची नोंद असणार, ते तिथे गेले होते असं आजी म्हणते. पण त्या वहीत बहिणीचं नाव असेलच असं नाही. दिवाळीनंतर जाऊन बघणार आहे.

मोडीप्रेमी

जाताना सांगा, मी येतो. तिथे मोडी लागेल.

पेठेतला

असेच घरगुती फोटो आणि त्यांच्यामागच्या हकिगती जमवणारा 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केला, ऑनलाइन बघता येतो. घरचे तयार झाले तर तिकडे द्यायचा विचार करा. जबरदस्ती नाही.

कृष्णाकाठ

आधी घरातच बघू. इंदूरचे मामा आता म्हणताहेत की फ्रेम परत देवघरामागे नको, बाहेर लावतो.

हायपो, एक शेवटचा प्रश्न. आजीला माईआत्याचा फोटो हवाय. टॅबवर नको, कागदावर, "भिंतीवर लावण्याएवढा मोठा". मूळ फोटोत तिचा चेहरा जेमतेम चार मिलिमीटर आहे. किती मोठा निघेल?

हायपो

चार मिलिमीटर म्हणजे १२०० डीपीआयला सुमारे १९० पिक्सेल. नेहमीसारखा ३०० ने छापला तर चेहरा दीड सेंटिमीटर, पोस्टाच्या तिकिटातला. १५० ने छापला तर सव्वातीन सेंटिमीटर, पासपोर्ट फोटोत असतो तेवढा. त्यापुढे ताणलात तर नाक-डोळ्यांचे ठोकळे होतील, किंवा यंत्र मधलं मनाने भरेल, आणि ते काय भरतं ते आपण बघितलंय. २४०० ने पुन्हा स्कॅन करून फायदा नाही, कागदाचे तंतू मोठे दिसतील, चेहरा तोच राहील.

मॅट कागदावर छापून घ्या, भोवती भरपूर कोरा माउंट सोडा. फ्रेम मोठी घ्या, फोटो लहान.

कृष्णाकाठ

सांगितलं तिला. "पासपोर्टाएवढा तर पासपोर्टाएवढा," म्हणाली. "पण ती बोटंही येऊ देत. आणि हार घालू नकोस."